नियोजित गस्ती जहाजाचे आकारमान व विस्थापन : अंदाजाची रीत आणि तिची कसोटी

१. प्रस्तावना

नौदलासाठी नवे जहाज बांधण्याची घोषणा होते तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची लांबी, वेग आणि 'इतके टन' असा एक आकडा प्रसिद्ध होतो. वाचक तो आकडा वाचतो आणि पुढे जातो. परंतु जे जहाज अद्याप कागदावरच आहे, ज्याचा एक पत्राही कापला गेलेला नाही, त्याचे वजन आधीच कसे सांगता येते, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात सहज येऊ शकतो. हा आकडा म्हणजे केवळ तर्क आहे, की त्यामागे काही हिशोब आहे? आणि तो चुकला तर काय होते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे केला आहे. दि. ३० मार्च २०२३ रोजी भारताच्या संरक्षण मंत्रालयाने पुढील पिढीची ११ सागरी गस्ती जहाजे बांधण्याचा करार केला. त्यांपैकी ७ जहाजे गोवा शिपयार्डकडे आणि ४ जहाजे कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे सोपविण्यात आली. करारातील एकूण रक्कम सुमारे ९,७८१ कोटी रुपये होती. गोवा शिपयार्ड हा कारखाना १९५७ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, वास्को येथे जुवारी नदीच्या काठी सुरू झाला. नौदलाची यापूर्वीची 'सरयू' वर्गातील गस्ती जहाजेही त्यानेच बांधली. त्यामुळे जुन्या जहाजावरून नव्याचा अंदाज कसा बांधतात, हे पाहण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

२. बेगम बाजारातील पातेले

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेत जहाजाचा विषय समजावून सांगणे अवघड वाटेल. प्रत्यक्षात त्यासाठी लागणारी सर्व साधने बेगम बाजारात मिळतात. मुसी नदीच्या उत्तरेस असलेली ही जुनी घाऊक बाजारपेठ पितळ, तांबे व स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे भांडे हाताळून पाहिले जाते आणि काट्यावर तोललेही जाते. जहाजाच्या अंदाजालाही याच दोन गोष्टी लागतात, माप आणि वजन.

समजा, एक सपाट बुडाचे पातेले घेतले. त्याचा व्यास २४ सेंटिमीटर आणि वजन ८०० ग्रॅम आहे. पाण्याने काठोकाठ भरलेल्या टबात ते अलगद ठेवले, तर ८०० ग्रॅम पाणी बाहेर सांडेल. पातेल्यात २ किलो तांदूळ टाकले, तर सांडलेले एकूण पाणी २,८०० ग्रॅम, म्हणजे २.८ लिटर होईल आणि पातेले सुमारे ६ सेंटिमीटर पाण्यात बसेल. पातेले पितळेचे आहे की स्टीलचे, त्यात तांदूळ आहे की डाळ, याच्याशी पाण्याला काही कर्तव्य नाही. तरंगणारी वस्तू आपल्या एकूण वजनाइतकेच पाणी बाजूला सारते. या बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनालाच जहाजाचे 'विस्थापन' म्हणतात.

मराठीत 'विस्थापन' हा शब्द ऐकताच धरणग्रस्तांची आठवण होते. येथे मात्र जागा सोडणारे पाणी आहे आणि जागा घेणारे जहाज आहे. विस्थापन म्हणजे जहाजाचे खरे वजन, एवढे ध्यानात ठेवले की पुढील हिशोब सोपा होतो.

३. हैदराबादेत छापलेला एक ग्रंथ

तरंगण्याचा हा नियम आर्किमिडीजच्या नावाने शाळेत शिकविला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु तो नियम तराजूशी जोडून अचूक मोजमापाची शिस्त निर्माण करणाऱ्यांत अल्-बिरूनी आणि अल्-खाजिनी यांची नावे घ्यावी लागतात. बिरूनीने एक शंकूच्या आकाराचे भांडे तयार केले होते. त्याला बाजूला तोटी होती. भांड्यात वस्तू टाकली की तिच्या आकारमानाइतके पाणी तोटीतून बाहेर येई आणि ते तोलले जाई. अल्-खाजिनीने सन ११२१ च्या सुमारास 'मीज़ानुल हिकमत' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात जलतराजूची रचना व वापर सविस्तर मांडला. 'मीज़ान' म्हणजे तराजू.

या ग्रंथाचा मूळ अरबी पाठ हैदराबादच्या 'दायरतुल मआरिफ' या संस्थेने १३५९ हिजरी, म्हणजे इ. स. १९४० च्या सुमारास, छापून प्रसिद्ध केला. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अनेक दुर्मिळ अरबी हस्तलिखिते प्रकाशात आणली आहेत. म्हणजे पाण्याने वजन मोजण्याच्या विद्येचा एक महत्त्वाचा ग्रंथ याच शहरात छापला गेला. आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे.

जहाजविद्येच्या शब्दांतही हा वारसा दिसतो. 'जहाज' व 'खलाशी' हे शब्द अरबीतून, तर 'बंदर' हा फारसीतून मराठीत आला आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो परका राहिला नाही.

४. 'टन' या शब्दाचा घोळ

अंदाजाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जहाजाच्या संदर्भात 'टन' हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ विस्थापनाचा, म्हणजे जहाजाच्या संपूर्ण वजनाचा. युद्धनौका व गस्ती जहाजे यांच्या बाबतीत हाच आकडा दिला जातो. दुसरा अर्थ 'ढोबळ टनभार' असा आहे. तो व्यापारी जहाजांना लावतात. त्यात वजनाचा काहीही संबंध नसतो, तो जहाजाच्या आतील बंदिस्त जागेवरून ठरतो. तिसरा अर्थ 'वहनभार', म्हणजे जहाज जास्तीत जास्त किती माल, इंधन, पाणी व माणसे वाहू शकते ते वजन. एखादे तेलवाहू जहाज आणि एखादी युद्धनौका यांची टनांवरून तुलना केली जाते, तेव्हा बहुतेक वेळा एकाचे वजन आणि दुसऱ्याचे आकारमान शेजारी ठेवले जाते. ती तुलना निरर्थक होय.

विस्थापनातही रिकाम्या जहाजाचे आणि पूर्ण भरलेल्या जहाजाचे असे भेद आहेत. या लेखात सर्वत्र पूर्ण भरलेल्या जहाजाचे विस्थापन अभिप्रेत आहे.

५. आकार-गुणांक : पातेले, कढई आणि जहाज

जहाज पेटीसारखे चौकोनी असते तर हिशोब अगदी सोपा होता. लांबी, रुंदी आणि पाण्याखालील खोली यांचा गुणाकार केला की काम झाले. परंतु जहाजाचे नाळेकडील टोक निमुळते असते आणि तळ दोन्ही अंगांनी वर उचललेला असतो. म्हणून त्या काल्पनिक पेटीचा किती भाग जहाजाने प्रत्यक्ष व्यापला आहे, हे सांगणारा एक गुणांक वापरतात. त्याला येथे 'आकार-गुणांक' म्हटले आहे.

पुन्हा भांड्यांकडे पाहू. चौकोनी डब्याचा गुणांक १ आहे. गोल पातेले चौकोनी खोक्यात ठेवले तर कोपरे रिकामे राहतात, त्याचा गुणांक सुमारे ०.७९ येतो. अर्धगोल कढईचा गुणांक सुमारे ०.५२ असतो. मालवाहू जहाजे पातेल्याच्या जवळची किंवा त्याहूनही भरीव असतात, कारण त्यांना भरपूर माल हवा असतो आणि वेगाची घाई नसते. गस्ती जहाजाला पाठलाग करावा लागतो. पाणी कापत जाण्यासाठी त्याचे अंग सडपातळ ठेवावे लागते. म्हणून त्याचा गुणांक कढईच्याही खाली येतो.

हा गुणांक मनाने ठरवावयाचा नसतो. पूर्वी बांधलेल्या आणि त्याच कामाच्या जहाजांवरून तो काढावयाचा असतो. 'सरयू' वर्गातील पहिले जहाज जानेवारी २०१३ मध्ये नौदलात दाखल झाले. त्याची लांबी १०५ मीटर, रुंदी १२.९ मीटर, पाण्याखालील खोली ३.६ मीटर आणि विस्थापन सुमारे २,२३० टन आहे. समुद्राच्या एक घनमीटर खाऱ्या पाण्याचे वजन सुमारे १.०२५ टन असते. त्यावरून हिशोब असा :

पेटीचे आकारमान : १०५ × १२.९ × ३.६ = ४,८७६ घनमीटर
सारलेले पाणी : २,२३० ÷ १.०२५ = २,१७६ घनमीटर
आकार-गुणांक : २,१७६ ÷ ४,८७६ = ०.४४६

त्याआधीच्या 'सुकन्या' वर्गातील जहाजांची लांबी सुमारे १०१ मीटर, रुंदी ११.५ मीटर, खोली ३.४ मीटर आणि विस्थापन सुमारे १,८९० टन. हाच हिशोब केला तर गुणांक ०.४६७ येतो. दोन निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या गोद्यांत बांधलेली जहाजे असूनही गुणांक जवळजवळ आहेत. सारख्या कामामुळे आकारही सारखा होतो, असे यावरून म्हणता येईल.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. जहाजशास्त्रात हा गुणांक पाण्याच्या रेषेवरील लांबीवरून काढतात. ती एकूण लांबीपेक्षा कमी असल्यामुळे शास्त्रीय गुणांक थोडा मोठा येतो. मात्र जुन्या व नव्या जहाजाला एकच माप लावले, तर तुलनेत त्यामुळे फारसा फरक पडत नाही. एका जहाजाला एक गज आणि दुसऱ्याला दुसरा गज लावणे तेवढे टाळले पाहिजे.

६. बाहेरून केलेला हिशोब

आता नव्या जहाजाकडे येऊ. गार्डन रीच गोदीच्या जहाजांसाठी जाहीर झालेली मापे अशी आहेत : लांबी ११३ मीटर, रुंदी १४.६ मीटर, पाण्याखालील खोली ४ मीटर. कमाल वेग २३ नॉट आणि १४ नॉट वेगाने पल्ला ८,५०० सागरी मैल.

पेटीचे आकारमान : ११३ × १४.६ × ४ = ६,५९९ घनमीटर
'सरयू'चा गुणांक लावून : ६,५९९ × ०.४४६ × १.०२५ = सुमारे ३,०२० टन
'सुकन्या'चा गुणांक लावून : ६,५९९ × ०.४६७ × १.०२५ = सुमारे ३,१६० टन

म्हणजे जहाजाचे विस्थापन ३,००० टनांच्या थोडे वर असावे, असा अंदाज निघतो. अधिकृतपणे सांगितलेला आकडा सुमारे ३,००० टन हाच आहे. कागद, पेन्सिल आणि जुन्या जहाजांची मापे एवढ्यावर सामान्य वाचक येथपर्यंत पोहोचू शकतो.

पुष्कळ लोक या ठिकाणी एक चूक करतात. ते फक्त लांबी पाहतात. १०५ मीटरवरून ११३ मीटर, म्हणजे वाढ जेमतेम पावणेआठ टक्के. मग वजनही तेवढेच वाढले असेल, असे त्यांना वाटते. पण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. सर्व मापे त्याच प्रमाणात वाढली असती तरी वजन सुमारे २५ टक्के वाढले असते. येथे रुंदी १३ टक्के व खोली ११ टक्के वाढली आहे, त्यामुळे वजनातील वाढ सुमारे ३५ टक्के होते. घरातील पातेल्यापेक्षा थोडे मोठे पातेले आणले की त्यात दीडपट भात मावतो, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला असतो. कारण तेच आहे.

७. आतून केलेला हिशोब

बाहेरून काढलेला आकडा म्हणजे जहाज किती पाणी सारू शकेल त्याचा अंदाज. परंतु जहाजाचे वजन खरोखर किती भरेल, हे आतील वस्तूंवरून ठरते. म्हणून दुसरा हिशोब स्वतंत्रपणे करावा लागतो. येथे काही आकडे उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत.

प्रथम इंधन. ८,५०० सागरी मैल १४ नॉटने जावयाचे तर सुमारे ६०७ तास, म्हणजे २५ दिवस लागतील. चालविण्यासाठी आणि जहाजावरील विजेसाठी मिळून सरासरी २,५०० किलोवॉट शक्ती लागते असे धरले आणि दर किलोवॉट-तासाला २१० ग्रॅम डिझेल धरले, तर एकूण इंधन सुमारे ३२० टन होते. पल्ला कमाल वेगाला न सांगता १४ नॉटला का सांगतात, हेही येथे स्पष्ट होते. लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २३ नॉटला १४ नॉटच्या चौपटीहून अधिक शक्ती लागेल आणि टाक्या लवकर रिकाम्या होतील.

त्यानंतर माणसे. जहाजावर १२० जण आहेत आणि सामानासह प्रत्येकाचे वजन १२० किलो, असे धरले तर १४ टन. रोज माणशी १५० लिटर गोडे पाणी आणि त्याचा तीन दिवसांचा साठा म्हणजे ५४ टन. माणशी रोज ४ किलो शिधा, ३० दिवसांसाठी १४ टन. एक हेलिकॉप्टर सुमारे साडेपाच टन. दारूगोळा, होड्या, हेलिकॉप्टरचे इंधन, सुटे भाग यांसाठी ६० ते ६५ टन. ही बेरीज सुमारे ४७० टन होते.

३,००० टनांतून हे ४७० टन वजा केले की २,५३० टन उरतात. सांगाडा, इंजिने, जनित्रे, तारा, नळ, खोल्या, तोफा आणि रडार या सर्वांना तेवढ्यात बसवावयाचे आहे. ते बसेल का, हे त्या गोदीने पूर्वी बांधलेल्या जहाजांच्या तोललेल्या वजनांवरून ठरवतात. नवख्या गोदीपेक्षा अनुभवी गोदीचा अंदाज बरोबर येतो, त्याचे कारण येथे आहे. तिच्याकडे जुनी वजने लिहून ठेवलेली असतात.

येथे बारीकसारीक गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. एक मिलिमीटर जाडीच्या, एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो असते. समजा, जहाजात एकूण १०,००० चौरस मीटर पत्रा लागला आणि तो सर्वत्र अर्धा मिलिमीटर जाड निघाला, तर ३९ टन वजन विनाकारण वाढेल. अधिक मजबूत पोलाद मिळाले तर पत्रा पातळ ठेवता येतो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने युद्धनौकांसाठी असे खास पोलाद विकसित केले आणि ते 'विक्रांत' या विमानवाहू नौकेत वापरले गेले.

बेगम बाजारातील व्यापारी रात्री दुकान बंद करण्यापूर्वी गल्ला आणि वही यांचा मेळ घालतो. दोन्हींत फरक निघाला तर तो शोधल्याशिवाय उठत नाही. जहाजाच्या अंदाजाचेही तसेच आहे. बाहेरून काढलेले विस्थापन आणि आतून केलेली वजनांची बेरीज यांचा मेळ बसला, तरच तो आकडा विश्वसनीय मानता येतो. बेरीज जास्त आली तर जहाज लांब-रुंद करावे लागते, ते मोठे झाले की पत्रा व इंधन वाढते आणि पुन्हा हिशोब करावा लागतो. अशा अनेक फेऱ्या झाल्यावर आकडा स्थिर होतो.

८. चुकीची किंमत

हिशोब १०० टनांनी चुकला तर काय होईल? या मापाच्या जहाजाला एक सेंटिमीटर खाली बसविण्यास सुमारे १३ टन लागतील. म्हणजे १०० टनांनी जहाज जेमतेम ८ सेंटिमीटर अधिक बुडेल. खाऱ्या पाण्यातून नदीच्या गोड्या पाण्यात गेल्यावरही जहाज सुमारे ६ सेंटिमीटर खाली बसते. मग एवढी काळजी कशासाठी, असे कोणासही वाटेल.

खरा धोका वजन किती वाढले यापेक्षा ते कोठे वाढले यात असतो. समजा, तयार जहाजाच्या वरच्या मजल्यांवर, गुरुत्वमध्यापासून १० मीटर उंचीवर, ५० टनांची नवी यंत्रसामग्री बसविली. जहाज केवळ ४ सेंटिमीटर खाली बसेल, पण त्याचा गुरुत्वमध्य सुमारे १६ सेंटिमीटर वर जाईल. कललेले जहाज पुन्हा सरळ होण्याची क्षमता ज्या अंतरावर अवलंबून असते, ते अंतर १ मीटर धरले तर त्याचा सहावा हिस्सा एका निर्णयाने नाहीसा होईल. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या स्त्रीला आणि तीच घागर कमरेवर घेणाऱ्या स्त्रीला हा फरक सांगावा लागत नाही.

इतिहासात याची उदाहरणे आहेत. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच सफरीवर निघाली आणि सुमारे १,३०० मीटर जाताच कलंडून बुडाली. तिचा वरचा भाग जड होता. आपल्याकडील आठवण अधिक दुःखद आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोकणातील कितीतरी हिंदू व मुसलमान घरांत त्या दिवसाची आठवण पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. रामदास हे गस्ती जहाज नव्हते, पण समुद्र असा भेद करीत नाही.

म्हणूनच जहाज बांधून झाल्यावर अंदाजाची अखेरची परीक्षा घेतली जाते. शांत पाण्यात जहाज उभे करून त्याच्या डेकवर ठराविक वजने एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे नेतात आणि जहाज किती कलते ते ओळंब्याने मोजतात. त्यावरून गुरुत्वमध्याची खरी उंची समजते. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा येथे कोट्यवधींच्या जहाजाचा निकाल देतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. विस्थापन म्हणजे जहाजाचे वजन, त्याची आतील जागा नव्हे. नियोजित जहाजाचा आकडा हवेतून येत नाही. तो जुन्या, तोललेल्या जहाजांवरून येतो. बाहेरील मापांवरून आणि आतील वजनांवरून असे दोन स्वतंत्र हिशोब करणे आणि त्यांचा मेळ घालणे हीच त्याची कसोटी होय. आणि एकूण वजन बरोबर आले तरी ते वर आहे की खाली, हे पाहिल्याखेरीज हिशोब पूर्ण होत नाही.

भारताचे सागरी आर्थिक क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गाने आले होते, त्यामुळे या क्षेत्रावरील पहाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. हा पहारा करणाऱ्या जहाजावर शंभराहून अधिक माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. ती सुखरूप परत यावीत यासाठी पहिले काम समुद्रावर नव्हे, तर कागदावर करावे लागते. विद्यार्थ्यांनी एखादे पातेले, पाण्याचा टब आणि काटा घेऊन या कामाचा आरंभ घरीच करून पाहावा.